पियानो ४२७ वर उतरलाय. ४४० वर न्यावा, ४४२ वर की ४३२ वर?

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात आजोबांच्या वेळचा इंग्लिश उभा पियानो आहे, वीसेक वर्षं त्याला कोणी हात लावलेला नाही. फोनवरच्या ॲपमध्ये मधला ए, म्हणजे वाद्यं ज्यावरून जुळवतात तो सूर, ४२७ हर्ट्झ (सेकंदाला ४२७ कंपनं) दिसतो. मुलगी व्हायोलिन शिकते. तिचे सर म्हणतात, लावायचाच तर ४४२ वर लावा, हल्ली ऑर्केस्ट्रा तिथेच असतात. भाचा म्हणतो ४३२, तो निसर्गाचा सूर. आणि घरातली पेटी पियानोबरोबर वाजवली की दोन्ही बेसूर वाटतात. करायचं काय?

ताई, उत्तर आधी देऊन टाकतो. पियानोची लोखंडी फ्रेम पूर्ण असेल, खुंट्या घट्ट असतील आणि तारा गंजाने खाल्लेल्या नसतील, तर ४४०. यांतलं काही कच्चं निघालं, तर ४२७ वरच राहू द्या, पण स्वतःशी नीट सुरात लावून. ४४२ आणि ४३२ दोन्ही डोक्यातून काढा. कमकुवत पियानोसाठी एक तिसरी वाटही आहे, ती शेवटी सांगतो.

मी दादरला राहतो, तीस वर्षं हेच काम करतोय. लोक 'ट्यूनिंग' आणि 'पट्टी बदलणं' यांना एकच समजतात, आणि घोळ तिथेच होतो. ट्यूनिंग म्हणजे पियानो जिथे आहे तिथे त्याचे सूर एकमेकांशी जुळवणं. पट्टी बदलणं म्हणजे त्याच्या सांगाड्यावरचं ओझं बदलणं. तानपुरा काळी एकवरून पांढरी दोनवर न्यायचा तर चार खुंट्या पिळायच्या, मणी सारायचे, झालं. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि एकेक तार सरासरी सत्तर किलोच्या ताणाने ओढलेली असते. सगळ्या मिळून सोळा टन धरा. सूर चढवला की ताण सुराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ४२७ वरून ४४० म्हणजे सुरात तीन टक्के वाढ, पण ताणात सहा टक्के. सोळा टनांवर सहा टक्के म्हणजे जवळजवळ एक टन. तुमच्या दिवाणखान्यातल्या त्या लाकडी पेटाऱ्यावर एक लहान मोटार नव्याने टांगायची आहे, असं समजा.

हे ओझं येतं तेव्हा काय होतं ते मी पहिल्याच वर्षी शिकलो. मी ज्यांच्या हाताखाली होतो ते मेस्त्री मूळचे गोव्याचे. एका घरात असाच उतरलेला पियानो होता. मला म्हणाले, तू लाव. मी मधला ए ट्यूनिंग फोर्कवर, म्हणजे ठोकल्यावर एकच सूर देणाऱ्या पोलादी काट्यावर, ४४० ला आणला, मग तिथून एकेक सूर अगदी चोख लावत सगळा पियानो पुरा केला. चार तास गेले. मेस्त्री खिडकीत बसून चहा पीत होते, काही बोलले नाहीत. मी शेवटच्या खुंटीवरून चावी काढल्यावर म्हणाले, "आता पहिला ए वाजव." तो ४३५ च्याही खाली गेला होता.

कारण सरळ आहे. तारा घोडीवरून जातात आणि घोडी साउंडबोर्डवर बसलेली असते. साउंडबोर्ड म्हणजे स्प्रूसची पातळ फळी, किंचित फुगीर, तव्यावरच्या पोळीला फुगा धरायला लागतो तेवढीच. प्रत्येक चढवलेली तार ती फळी थोडी दाबते, लोखंडी फ्रेमही केसभर वाकते, आणि आधी लावलेल्या तारा त्या प्रमाणात सैल पडतात. म्हणून पट्टी चढवताना पहिल्या फेरीत चोख लावायचंच नसतं. मुद्दाम पुढे जायचं. पियानो जितका उतरलाय त्याचा साधारण चौथा हिस्सा, मधल्या आणि वरच्या सप्तकांत. खर्जातल्या तांबं गुंडाळलेल्या तारांना त्याहून बरंच कमी.

तुमच्या आकड्यांत सांगतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. ४२७ आणि ४४० मधलं अंतर ५२ सेंट. चौथा हिस्सा १३. म्हणजे पहिल्या फेरीत मधला ए ४४० वर न ठेवता ४४३ च्या थोडा वर सोडायचा. फेरी संपेपर्यंत तो स्वतःहून खाली येतो. ही फेरी भरभर करायची, तास-सव्वा तासात. कान लावून बसायचं नाही. मग दुसरी फेरी सावकाश, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एक. वीस वर्षं झोपलेल्या पियानोसाठी मी ५२ सेंट एका दमात घेत नाही. आधी ४३४ पर्यंत, महिन्याने ४४०. काही ट्यूनर म्हणतात तार तुटायची असेल तर दोन टप्प्यांतही तुटेल. त्यात तथ्य आहे. पण टप्प्यांमध्ये मला लाकडाचं वागणं बघायला वेळ मिळतो.

तारेबद्दल एक बारीक गोष्ट, तुमच्याकडे जो कोणी येईल त्याच्याकडे लक्ष ठेवून बघा. जुनी तार जिथे लोखंडाला टेकते तिथे गंजाने चिकटलेली असते. चांगला माणूस खुंटी आधी वर पिळत नाही, किंचित उतरवतो. 'टिक' असा बारीक आवाज येतो, तार सुटते, मग तो वर जातो. सरळ वर पिळली तर चिकटलेल्या जागी सगळा ताण एकवटतो आणि तार तिथेच जाते. साळगावच्या एका घरात घाईत मी हा 'टिक' वगळला होता. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, घरातला कुत्रा दोन दिवस पलंगाखाली होता म्हणे. तार बदलून मिळते, पण नवी तार महिनोन्‌महिने ताणत राहते आणि सारखी उतरते.

आता तपासणी. ही तुम्हीही करू शकता. वरची फळी काढा (बहुतेक ठिकाणी आत दोन लाकडी फिरक्या असतात) आणि टॉर्च मारा. पहिलं, लोखंड कुठपर्यंत आहे ते बघा. ते खुंट्यांच्या वरपर्यंत गेलं असेल तर फ्रेम पूर्ण आहे. खुंट्यांच्या खालीच संपून वर नुसतं लाकूड दिसलं तर ती अर्धी फ्रेम, अशा पियानोवर एक टन वाढवायला मी जात नाही. लोखंडात कुठे केसासारखी चीर दिसली तर विषयच संपला. दुसरं, हातोड्यांच्या समोर उभ्या तारांचा पिंजरा दिसतो का? दिसला तर तो वरून दाबणाऱ्या डॅम्परांचा (तारांचा आवाज थांबवणाऱ्या गाद्यांचा) जुना इंग्लिश प्रकार. त्यात मधल्या तारा मिटवायला पाचर घालणं म्हणजे पिंजऱ्यातल्या पोपटाला चमच्याने भरवणं, त्यामुळे ट्यूनर जास्त वेळ मागेल तर कुरकुर करू नका. तिसरं, खुंट्या. हे चावी लावल्याशिवाय कळत नाही. खुंटी लाकडाला धरून थोडी कुरकुरत फिरली तर उत्तम. लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली तर ४४० वर नेलेला सूर संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. त्यावर जाडी खुंटी घालता येते, किंवा मुळाशी पातळ सुपरग्लूचे थेंब सोडून लाकूड आवळता येतं. दुसरा उपाय ऐकायला जुगाड वाटतो, पण नीट केला तर वर्षानुवर्षं टिकतो.

जुना पियानो ४४० सोसेल का, ही भीती मात्र बऱ्याचदा अनाठायी असते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सूर ४५२ च्या आसपास चढलेला होता. लष्करी बँड तर १९२० च्या दशकापर्यंत तिथेच वाजत. त्या काळचे कित्येक पियानो आजच्यापेक्षा चढ्या सुरासाठी बांधलेले आहेत. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवला, तोही १५ अंश सेल्सिअसला. लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने १८९६ मध्ये हाच सूर आपल्या उबदार सभागृहाचा हिशेब घालून ४३९ केला. मग १९३९ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ४४० वर एकमत झालं. ४३९ सोडून ४४० का, याची एक गंमत सांगतात ती मला फार आवडते. बीबीसी हा सूर क्वार्ट्झच्या स्फटिकावरून विजेने तयार करत असे. दहा लाख कंपनांना हजाराने भागा, अकराने गुणा, पंचवीसने भागा, ४४० येतात. ४३९ ही मूळ संख्या, ती अशा गुणाकार-भागाकाराने सहज निघत नाही. म्हणजे ज्या आकड्यावरून एवढे वाद होतात, त्याच्या मागे थोडंफार शाळकरी अंकगणितही आहे.

सरांच्या ४४२ कडे येतो. ते चुकीचं सांगत नाहीत. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ४४२ वर आहे, जर्मनी-ऑस्ट्रियातले बडे ऑर्केस्ट्रा ४४३ च्या आसपास. पण ४४० आणि ४४२ मधलं अंतर आहे जेमतेम ८ सेंट. आणि तुमचा पियानो पुण्यात राहतो. माझ्या आर्द्रतामापकावर पुण्यातल्याच एका घरात एप्रिलच्या दुपारी २८ टक्के वाचलेत आणि जुलैत त्याच भिंतीपाशी ८२. पावसाळ्यात साउंडबोर्ड पाणी पिऊन फुगतो, घोडी वर ढकलतो, सूर चढतो. उन्हाळ्यात उलट. मधल्या सप्तकांत हा झोका सहज पंधरा सेंटचा होतो, खर्जात आणि अगदी वर कमी, म्हणून पियानो नुसता चढत-उतरत नाही, मधून कुबडा होतो. ज्या घरात हवाच पंधरा सेंट इकडेतिकडे करते, तिथे आठ सेंटसाठी तारांवर दीडशे किलो वाढवण्यात काय हशील?

मुलीचं काय? व्हायोलिनला तारा चार. ती पियानोचा ए घेईल आणि अर्ध्या मिनिटात जुळवेल. स्पर्धेत ४४२ लागला तर पुन्हा अर्धं मिनिट. अडचण बासरी-क्लॅरिनेटवाल्यांची असते: क्लॅरिनेटचा सांधा ओढून सूर थोडा उतरवता येतो, पण ५२ सेंट नाही. ४२७ वर राहू नये असं मी म्हणतो ते त्यांच्यासाठी.

पुण्यासाठी मी हंगामाप्रमाणे सूर थोडा सरकू देतो. पावसाळ्यात बोलावलं आणि पियानो स्वतःहून ४४१ वर बसलेला मिळाला तर तिथेच लावतो. मे महिन्यात ४३८ वर. ओढून ४४० वर आणला तर पुढच्या ऋतूत तो दुप्पट बेसूर होतो. पट्टी चढवण्याचं मोठं काम मात्र दिवाळी झाल्यावर काढा. तेव्हा हवा ना ओली ना कोरडी. जुलैत चढवलेला पियानो मार्चमध्ये पुन्हा उतरलेला सापडतो आणि शिव्या ट्यूनरला बसतात. पूर्वी घरोघरी पावसाळ्यात पियानोच्या खालच्या कप्प्यात कमी वॅटचा बल्ब लावून ठेवत. पद्धत वाईट नाही, पण तो पावसाळा संपल्यावर काढायला विसरतात आणि उन्हाळ्यात साउंडबोर्ड तडकतो.

भाच्याला सांगा, त्याला हवा असलेला चमत्कार तुमच्या घरात होऊन गेलेला आहे. पियानो ४४० वरून ४२७ वर आला म्हणजे वाटेत केव्हातरी ४३२ वरून गेलाच असणार. कोणाला पत्ता लागला? ४३२ ला इतिहास आहे. इटलीत १८८४ मध्ये लष्करी बँडसाठी तो ठरवला गेला आणि ऑपेरा रचणारा व्हेर्दी त्याच्या बाजूने होता, पण सगळीकडे एकच, फार न चढलेला सूर असावा म्हणून. ४३२ घेतला की सी (पांढरी एक) बरोबर २५६ येतो, असं जे सांगतात, तेही पियानोवर खरं नाही; समान अंतरांच्या सप्तकात तो २५६.८७ येतो. आणि मुळात हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद माणसाने घड्याळासाठी पाडलेला तुकडा आहे, निसर्गाला त्याची खबर नाही.

पेटीचा भाग मात्र खरा रंजक आहे. हल्लीच्या बहुतेक पेट्या ४४० ला लावलेल्या असतात आणि तुमचा पियानो त्याच्या खाली नेमका अर्ध्या अर्धस्वरावर अडकलाय. ही सगळ्यात वाईट जागा. पूर्ण अर्धस्वर खाली असता तर पेटीवाल्याने शेजारची पट्टी धरली असती. पियानो ४४० वर आणला की हा प्रश्न सुटेल, पण पूर्ण नाही. पेटी कशी लावली आहे ते बघावं लागेल. गांधार ट्यूनिंगची पेटी असेल तर तिचा शुद्ध गांधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, पियानोचा ४०० वर. पांढरी एकवर षड्ज धरला तर पेटीचा गांधार ३२७.०३, पियानोचा ३२९.६३. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला अडीच लहरी उठतात, पंख्याखाली बोलल्यासारखं. षड्ज-पंचम छान मिळतील आणि गांधार कणसूर राहील. यात चूक कोणाचीच नाही. गाण्याच्या साथीची पेटी तशीच असू द्या, पियानोशी वाजवायला दुसरी, समान अंतरांनी लावलेली पेटी घ्या किंवा नादच सोडा.

आणि पियानो ४३८ वर, पेटी ४४० वर, असं थोडकं अंतर उरलं तर पियानोऐवजी पेटी सरकवा. साडेतीन सप्तकांच्या डबल रीडच्या पेटीत ऐंशीच्या आसपास रीड असतात. रीडचं पितळ टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. फक्त खरवडलेलं पितळ परत लावता येत नाही, तेव्हा हे काम दरवर्षी करायचं नाही. पियानो आधी एका जागी स्थिर होऊ द्या, एक पावसाळा बघा, मग पेटीवाल्याला बोलवा.

ॲपबद्दल दोन शब्द. मधल्या एला तीन तारा असतात. दोन तारांमध्ये फेल्टची पाचर किंवा घडी घातलेलं जाडं कापड दाबून एकच तार वाजवा, तरच आकडा खरा. आणि वरच्या सप्तकांत ॲपने 'पंचवीस सेंट चढा' म्हटलं तर घाबरू नका. पियानोची तार जाड आणि ताठ असते, तिचे उपस्वर गणितापेक्षा चढे निघतात, म्हणून आम्ही सप्तकं मुद्दाम थोडी ताणून लावतो. काट्याबद्दलही तेच: पोलादी काटा तापला की उतरतो, अंशाला साधारण ०.०५ हर्ट्झ. थंड देशात मोजलेला ४४० चा काटा आपल्याकडच्या ३५ अंशांत पाऊण हर्ट्झ खाली बोलतो. शर्टाच्या खिशात काटा ठेवून फिरणाऱ्या ट्यूनरला हे माहीत असलं म्हणजे झालं.

राहिली तिसरी वाट. फ्रेम अर्धी निघाली, खुंट्या ढिल्या निघाल्या, पण मुलीला तर याच पियानोबरोबर वाजवायचंय. मग चढवायच्या भानगडीत न पडता तो आणखी उतरवा, नेमका अर्धस्वर खाली, ४१५.३ वर. म्हणजे पियानोची प्रत्येक पट्टी बाकी जगाच्या शेजारच्या पट्टीशी जुळते. पियानोवाल्याने एक पट्टी वर वाजवायचं. सांगाड्यावरचं ओझं उलट कमी होतं. जर्मन संगीतकार बाखच्या काळचं संगीत जुन्या पद्धतीने वाजवणारे युरोपातले वादक आज ४१५ वरच लावतात, त्यामुळे मुलीने व्हायोलिन तेवढं उतरवलं तर तिलाही एक वेगळा अनुभव. तोटा इतकाच की खर्ज जरा दमल्यासारखा वाटतो. आणि उतरवतानाही तीच फेरी-फेरीची पद्धत, फक्त उलट दिशेने: तारा सैल झाल्या की साउंडबोर्ड वर येतो आणि सूर पुन्हा थोडा चढतो, म्हणून ठरल्यापेक्षा खाली सोडायचा.

ट्यूनरला फोन करताना 'ट्यूनिंग करायचंय' म्हणू नका. '४२७ वर आहे, ४४० वर न्यायचाय, फ्रेम अशी आहे' असं सांगा. तो दुप्पट वेळ आणि त्याप्रमाणे पैसे मागेल, ते रास्त आहे. त्याच्या येण्याआधी डावीकडची पहिली पट्टी बाहेर काढून तिची बाजू बघा, किंवा वरच्या झाकणाच्या आत. जुने ट्यूनर तिथे पेन्सिलने तारीख आणि सूर लिहून जात. शेवटचा आकडा सापडला तर पियानो किती वर्षांत किती उतरला ते कळेल, आणि मग पहिल्या फेरीत किती पुढे जायचं याचा अंदाज तुमच्या ट्यूनरला माझ्यापेक्षा चांगला येईल.